ट्रॉलीचे पाटे : घरी की गॅरेजात?



कापूस जिनिंगला गेला, ज्वारीचा कडबा गंजीला लागला, की रिकामी ट्रॉली अंगणात येऊन उभी राहते. तेव्हा लक्षात येते की ती एका अंगाला झुकली आहे. पाटे बसले. मग घरात वाद सुरू होतो. पोरगा म्हणतो, जॅक आहे, पाने आहेत, दोघे मिळून उरकून टाकू, गॅरेजवाल्याला पैसे कशाला? बाप म्हणतो, ज्याचे काम त्याला करू दे. हा वाद आमच्याकडेही झाला आणि आम्ही दोन्ही बाजूंनी एकेकदा हात पोळून घेतले आहेत.

आधी हिशेबाचे बोलू. घरी केलेले काम 'फुकटात झाले' असे आपण सर्रास म्हणतो. फुकटात कसे? कृषिमूल्य आयोग उत्पादन खर्च काढतो, त्यातल्या 'ए-२ अधिक एफएल' या हिशेबात घरच्या माणसांची मजुरी धरलेली असते. २०१८ च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभाव जाहीर झाला, तो याच हिशेबावर बसवला. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या स्थिर भांडवलाचे व्याज त्यात धरले नाही, म्हणून आपण तक्रार करतो, आणि ती रास्त आहे. पण दिल्लीने आमच्या घामाचे मोल लावावे म्हणणारे आपण, आपल्याच पोराचे दोन दिवस शून्य धरतो! गॅरेजच्या बिलाशी तुलना करायची तर त्या दोन दिवसांना गावचा मजुरीचा दर लावा, मागून आणलेल्या पान्यांचे आणि तालुक्याच्या दोन खेपांचे डिझेल धरा, आणि मग बोला. वेचणीच्या दिवसांत हा हिशेब गॅरेजकडे झुकतो. उन्हाळ्यात बहुधा घराकडे झुकतो.

आता आमची चूक. पाटे आम्ही घरीच बदलले. यू-बोल्ट दोघांनी जोर लावून आवळले, ट्रॉली सरळ झाली, छाती फुगली. पहिली कडब्याची खेप झाली, दुसरी झाली. नव्या पाट्यांच्या मधला रंग आणि गंज दाबला जातो, पाटे एकमेकांवर नीट बसतात आणि आवळलेले यू-बोल्ट आपोआप सैल पडतात. म्हणून पहिल्या भरलेल्या खेपेनंतर ते पुन्हा आवळायचे असतात. हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, आम्ही विचारलेही नव्हते. यू-बोल्ट सैल झाले, सगळा ताण बारक्या सेंटर बोल्टवर आला, तो तुटला आणि एक्सल जागचा सरकला. ट्रॉली रस्त्यावर तिरकी चालू लागली. मागच्या मोटारसायकलवाल्याने ओरडून सांगितले म्हणून थांबलो. टायर घासला तेवढ्यावर निभावले.

आणि जॅक. आमची जमीन काळी, कपाशीची. वरून टणक दिसते आणि भाराखाली जॅक हळूहळू आत जातो. खाली जाड फळी हवी, उरलेल्या चाकांना दोन्हीकडून दगड हवेत आणि उचललेल्या ट्रॉलीखाली लाकडी ओंडके रचलेले हवेत. नुसत्या जॅकवर तोललेल्या ट्रॉलीखाली कोणी शिरू नये, मग काम पाच मिनिटांचे का असेना.

दुसऱ्या वेळी शहाणे होऊन गॅरेजात गेलो. तिथे बसलेला पाटा भट्टीत लाल केला, ठोकून कमान दिली आणि बसवला. दिसायला नवा. पण पाट्याचे पोलाद असे तापवले की त्याचे पाणी उतरते. परत नीट पाणी दिले नाही तर तो लोखंडाच्या पट्टीसारखा होतो. एका हंगामात पुन्हा सपाट झाला. बिलावर एकच ओळ होती : 'पाटे काम', आणि पुढे आकडा. भांडायला कागदही नाही. पैसे मोजले म्हणजे काम चांगले झाले, हाही एक भ्रमच.

वर त्याच गॅरेजात सल्ला मिळाला की एक पाटा जास्त टाका, ट्रॉली उंच होईल, माल जास्त बसेल. हा सल्ला पुष्कळांनी घेतलेला दिसतो. जास्तीच्या पाट्याने पाटे कडक होतात, पण एक्सल, हबचे बेअरिंग, टायर आणि हूक होते तेवढेच राहतात. ब्रेक तर बहुतेक ट्रॉल्यांना नसतोच. शिवाय कापूस फुगून वर चढतो. उंच केलेली ट्रॉली धुऱ्यावरून उतरताना कलली, तर बैलगाडीसारखी खांद्याने सावरता येत नाही.

आमचे मत असे. ग्रीस भरणे, बुश बदलणे, यू-बोल्ट आवळणे, तुटलेल्या पाट्याच्या जागी तयार नवा पाटा बसवणे हे घरी करावे. पान्यांचा मोठा संच आणि भक्कम जॅक चार-पाच घरांनी मिळून घ्यावा. पाट्याला कमान देणे, एक्सल सरळ करणे, हुकाचे वेल्डिंग यांना पैसे मोजावेत, पण समोर उभे राहून. काढलेला जुना भाग परत मागावा, आणि बिलात सामान वेगळे, मजुरी वेगळी लिहून घ्यावी. मेकॅनिक लुटतो असे सरसकट म्हणू नये. तोही बहुधा कोरडवाहू शेतकऱ्याचाच पोरगा आहे, शेती पुरली नाही म्हणून हातात पाना घेतलेला. त्याच्या कसबाला दाम द्यायला आपण कां कू करायची आणि आपल्या मालाला मात्र दाम मागायचा, हे जमणार नाही.

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' यासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेतीची अवजारेही आहेत. कंपनीने सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला द्यावी, हा तिचा विषय. यावर आपल्याला काही मागायचे असेल तर हातात पुरावा हवा. म्हणून जिल्हा बैठकीला येताना ट्रॅक्टर-ट्रॉलीची गेल्या दोन वर्षांची बिले घेऊन या. एका ओळीची असली तरी आणा.