प्लास्को : नोटिसा होत्या, कुलूप नव्हते

तेहरानच्या जम्हूरी रस्त्यावरची सतरा मजली प्लास्को इमारत १९६२ साली उभी राहिली, तेव्हा ती इराणमधली सर्वांत उंच इमारत होती. उद्योजक हबीब एल्घानियन यांनी ती बांधली आणि आपल्या प्लास्टिक कंपनीचे नाव तिला दिले. १९७९च्या क्रांतीनंतर त्यांना देहदंड झाला आणि इमारत सरकारशी जवळीक असलेल्या मुस्तजफान फाउंडेशनकडे गेली. खाली दुकाने, वर कार्यालये आणि शिवणकामाचे कारखाने, असा तिचा संसार होता.

१९ जानेवारी २०१७ रोजी सकाळी वरच्या मजल्यावर आग लागली. सुमारे साडेतीन तासांत, दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण सुरू असताना, संपूर्ण इमारत कोसळली. आत शिरलेले सोळा अग्निशामक जवान ढिगाऱ्याखाली गेले. नवरोज दोन महिन्यांवर आलेला. व्यापाऱ्यांचा सणाचा मालही गेला.

पोलाद जळत नाही, पण तापले की मऊ पडते आणि भार पेलत नाही. त्यात जिन्यांतही कपड्यांचे गठ्ठे रचलेले होते आणि आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. महापालिका आणि अग्निशमन दलाने वारंवार ताकीद दिली होती.

मग अडले कुठे? आमच्या मते, जबाबदारीच्या वाटणीत. इराणमध्येही आपल्या पागडीसारखी पद्धत आहे. इमारत एकाची, गाळ्याचा हक्क दुसऱ्याचा. अशा व्यवस्थेत दुरुस्तीचा खर्च मालक भाडेकरूवर ढकलतो, भाडेकरू मालकावर. पालिका नोटीस देऊन आपली फाइल पूर्ण करते. बलाढ्य मालकाच्या आणि शेकडो लोकांच्या पोटावर चालणाऱ्या बाजाराच्या दाराला कुलूप लावण्याची हिंमत कोणी करत नाही.

आपण बडोदेकरांनी हे परक्यांचे दुःख म्हणून वाचू नये. २४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये क्लासला आलेली मुले धरून बावीस जण गेले. आपलीही मुले अशाच संकुलांत शिकतात, आपल्यापैकी अनेकांचे गाळे तिथेच आहेत. म्हणून आमचे सांगणे एवढेच : फायर एनओसीची मुदत विचारा, जिना मोकळा आहे का ते स्वतः चढून पाहा. नोटीस आली असेल, तर ती सर्वांना दिसेल अशी दारावर लावायला सांगा.