सुपारीची वकिली कोणासाठी?

तंबाखू घातक, पण सुपारी निरुपद्रवी, हा समज सुशिक्षितांतही घट्ट रुजलेला आहे. गणपती म्हणून सुपारी मांडतात, लग्न ठरते ते सुपारी फोडून. मग पूजेला चालणारी वस्तू अपायकारक कशी, असा प्रश्न विचारला जातो. पूजेची सुपारी कोणी दिवसभर गालात धरून बसत नाही, याचा मात्र सोयीस्कर विसर पडतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ साली तंबाखूचा विडा कर्करोगकारक ठरवला. २००४ साली तिने तंबाखूविना विडा आणि खुद्द सुपारी यांनाही त्याच पंक्तीत बसवले. सुपारीतील अरेकोलिन तरतरी देते आणि तेच चटकही लावते. तोंडाची आतली त्वचा ताठर होत जाते, तिखट सोसत नाही आणि अखेर तोंडच उघडेनासे होते.

‘आजोबांनी जन्मभर विडा खाल्ला, त्यांना काय झाले?’ हा दुसरा बचाव. जे जगले त्यांचीच उदाहरणे दिली जातात. जे गेले त्यांची साक्ष कोण काढणार? शिवाय आजोबांची चंची आणि कारखान्याची पुडी यांत महदंतर आहे. उसाच्या फडात, बांधकामावर, रात्रपाळीत भूक आणि झोप मारण्यासाठी जो पुडी तोंडात टाकतो, तो परंपरा पाळत नसतो. अपुऱ्या मजुरीची आणि लांबलेल्या पाळीची किंमत स्वतःच्या देहाने चुकवत असतो.

महाराष्ट्रातील २००२ सालची गुटखाबंदी २००४ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. २०१२ साली नवी बंदी आली, तरी पुड्या चोरवाटेने मिळतच राहिल्या. टपरीवाल्यावर खटला आणि वेलदोड्याच्या नावाने पानमसाल्याच्या मुद्रेची झगमगती जाहिरात, असा हा न्याय आहे!

श्रीवर्धनच्या बागायतदाराचे काय, हा प्रश्न खरा आहे. परंतु तो पुढे करून कारखानदारच त्याच्याआड दडतात. त्याच बागेत मिरी आणि जायफळही पिकते. त्यांना हमीभाव द्या, म्हणजे बागायतदाराला सुपारीच्या वकिलीची गरज उरणार नाही.

तेव्हा केवळ व्यसनमुक्तीचे प्रवचन पुरेसे नाही. कामाच्या जागी तोंडाची मोफत तपासणी, भरपेट जेवणाइतकी मजुरी, हक्काची विश्रांती आणि पुडी बनविणाऱ्यावर थेट कारवाई, या मागण्या कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात घातल्या पाहिजेत. श्रमिकाचे आरोग्य हा त्याच्या चारित्र्याचा नव्हे, त्याच्या हक्काचा प्रश्न आहे.