इथं मासा कशाला येईल?

माझ्या गॅरेजमध्ये तीन प्लास्टिकचे डबे आहेत. एकात दिवाळीचा आकाशकंदील आणि तोरणं, उरलेल्या दोनांत माझी ल्यूर्स. ल्यूर म्हणजे माशाला फसवायचं खोटं आमिष. रबरी गांडुळं, लाकडी मासोळ्या, पोकळ बेडूक, चकाकत्या पात्यांची लोंबती झुंबरं... एकूण 143 नग. आकडा बायकोने मोजलाय, त्यामुळे चुकीची शक्यता नाही. आणि गेल्या मार्चपर्यंत या 143 नगांवर मी पकडलेले बास किती? चार. हा आकडाही तिच्याच लक्षात आहे.

डॅलसजवळच्या प्लेनोत ऑनसाइट आलो तेव्हा बास हा मासा असतो हेही मला माहीत नव्हतं. (आपल्यासाठी बास म्हणजे 'पुरे'. किंवा गिटार.) ऑफिसातल्या एका टेक्सन सहकाऱ्याने नादाला लावलं. लार्जमाउथ बास. हिरवट अंग, बाजूने काळा पट्टा आणि तोंड एवढं मोठं की आख्खी मूठ आत जाईल. दबा धरून बसणारा शिकारी. ग्रेपव्हाइनला बास प्रो शॉप्स नावाचं दुकान आहे, तिथे ल्यूर्सच्या अक्षरशः भिंती आहेत. एकच किडा चाळीस रंगांत! लक्ष्मी रोडवर साडी घ्यायला गेलेल्या माणसाचं जे होतं, तेच माझं झालं. दर महिन्याला दोन-चार पाकिटं. मासा लागला नाही की वाटायचं, रंग चुकला. की आणखी एक पाकीट.

मग फेब्रुवारीत अप्पा आले. अप्पा म्हणजे माझे सासरे. पेण आणि अलिबागच्या मधल्या खारेपाटातले. घरामागे तळं, तळ्यात जिताडे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला मला वाढलेला जिताडा मी अजून विसरलेलो नाही. त्या भागात जावयाला जिताडा वाढला नाही तर सासऱ्याची अब्रू जाते म्हणतात. सासूबाई दीड वर्षापूर्वी गेल्या आणि अप्पांचं बोलणंच थांबलं. बायकोने हट्टाने सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. अप्पा खिडकीशी बसून समोरच्या लॉनकडे बघायचे. दिवसभरात दोन शब्द. 'बरं' आणि 'चहा'. बायको रात्री हळूच विचारायची, "काय करायचं रे?" आयटीवाल्याकडे याचं उत्तर नसतं. माझ्याकडे 143 ल्यूर्स होती. मी म्हटलं, "शनिवारी अप्पांना मासे धरायला नेतो. यांचा जिताडा आपण खाल्लाय, आता यांना आपला बास."

तासाभरावर रे रॉबर्ट्स लेक आहे. त्याच्या स्टेट पार्कात जायचं एक कारण म्हणजे टेक्ससमधल्या स्टेट पार्कात काठावरून गळ टाकायला लायसन्स लागत नाही. पार्कची एण्ट्री भरा आणि बसा. आईबाबा व्हिजिटर म्हणून आलेल्यांनी ही टीप कापून फ्रिजवर लावायला हरकत नाही.

पहिला शनिवार. मी गाडी लावली, तिथेच पार्किंगसमोर सपाट, छान, मोकळा किनारा होता. खुर्च्या मांडल्या. तीन तासांत अकरा ल्यूर्स बदलली. अप्पा बघत होते. शेवटी त्या दिवसाचं पहिलं वाक्य बोलले.

"जावईबापू, इथं मासा कशाला येईल?"

मी गप्प! चार वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मी माझ्या सोयीने जागा निवडत होतो. पार्किंगजवळ, सावली, बाथरूम. माशाची सोय? तिचा विचारच नाही.

मग अप्पांनी चौकशी सुरू केली. हा खातो काय? छोटे मासे, मुख्यतः शॅड नावाची रुपेरी मासोळी, शिवाय क्रॉफिश, बेडूक. पाठलाग करतो की बसून राहतो? बसून. "मग आमच्या जिताड्यासारखाच की." खारेपाटात शेतं खाऱ्या पाण्यापासून वाचवायला बांध असतात आणि बांधात पाणी सोडायची उघाडी. ओहोटीला उघाडीतून पाणी बाहेर पडतं, पाण्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी. जिताडा तिथेच तोंड उघडून बसतो. त्याला पळायचं कारणच नाही, ताट समोर येतंय. एवढं सगळं अप्पा सलग बोलले. दोन महिन्यांत प्रथमच!

त्या रात्री मी डबे बाजूला ठेवून नकाशे उघडले. टेक्ससमधली बहुतेक सगळी मोठी तळी धरणांची आहेत. म्हणजे पाण्याखाली जुने ओढे, रस्ते, बुडालेली झाडं सगळं तसंच आहे. आपल्या उजनीत पाणी ओसरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं ना, तसंच. वरून सगळं सारखं निळं दिसतं, पण बासच्या दृष्टीने नव्वद टक्के तळं म्हणजे ओसाड माळ. (टक्केवारी माझी, अनुभवाची. कुठे छापील शोधू नका.) तो राहतो कडांवर. गवत संपून मोकळं पाणी सुरू होतं तिथे, उथळ एकदम खोल होतं तिथे, जमिनीचं नाक पाण्यात घुसतं तिथे, पडलेल्या झाडाच्या फांद्यांत, बोटी बांधायच्या धक्क्याच्या सावलीत, धरणाच्या दगडी पिचिंगला लागून. नकाशावर कंटूरच्या रेषा एकमेकींना चिकटल्या की समजा, तिथे उतार आहे. आणि वारा! मी नेहमी वाऱ्याकडे पाठ करून, शांत पाण्यात बसायचो. पण वारा बारीक जिवांना ढकलत समोरच्या काठाला नेतो, त्यांच्यामागे शॅड, त्यांच्यामागे बास. टोपी उडत असेल तर तुम्ही बरोबर काठावर आहात.

ऋतूही बघायचा. वसंतात पाणी 60 ते 70 फॅरनहाइट, म्हणजे साधारण 16 ते 21 सेल्सिअस झालं की बास उथळ पाण्यात अंडी घालायला येतात. नर शेपटीने तळ साफ करून खळगं करतो, अंड्यांची राखणही तोच करतो. काठावरून धरणाऱ्यांसाठी हाच सीझन. उन्हाळ्यात पहाट आणि तिन्हीसांजा सोडल्या तर तो खोलात, शरदात शॅडमागे फाट्यांच्या आत. थंडीत मी घरी बसतो.

आणि ल्यूर? जागा ठरली की ते जवळपास आपोआप ठरतं, हे कळायला मला 143 नग लागले. जागेत झाडंझुडपं आहेत? मग उघड्या गळांचं काहीही टाकू नका, अडकेल. तिथे टेक्सस रिग. पुढे बंदुकीच्या गोळीसारखं छोटं शिसं, मागे रबरी गांडूळ आणि गळाचं टोक गांडुळाच्याच अंगात लपवलेलं. हे रबरी गांडूळ 1949 मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रनच्या निक क्रीमने बाजारात आणलं, पुढे त्याची कंपनी टेक्ससमधल्या टायलरला आली. दगडांवर किंवा उतारावर क्रँकबेट. त्याच्या तोंडापुढे पारदर्शक जीभ असते, ती जितकी लांब तितकं ते खोल जातं. जीभ बघून घ्या, डोळ्यांचा रंग बघून नको. पहाटे पाणी आरशासारखं असेल तर वर तरंगणारं पॉपर. पाणी गढूळ असेल तर माशाला दिसत कमी असतं, तो अंगावरच्या जाणिवेच्या रेषेने थरथर टिपतो. तिथे फिरत्या पात्यांचा स्पिनरबेट किंवा काळं-निळं जाड गांडूळ. नितळ पाण्यात हिरवट, मातकट, साधे रंग. संपलं! चार-पाच प्रकार, दोन-तीन रंग. बाकीचे चाळीस रंग गिऱ्हाइकाला धरायला असतात, हा इकडचा जुना विनोद आहे आणि त्याला लागलेला मासा हा कॉलम लिहितोय.

पटत नसेल तर 1932 सालचा जॉर्ज पेरी बघा. जॉर्जियातला शेतकरी. 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे दहा किलोंचा लार्जमाउथ धरला. त्या विक्रमाशी बरोबरी व्हायला 2009 उजाडलं, तीही जपानच्या बिवा तळ्यात. सांगतात की पेरी आणि त्याच्या मित्राकडे मिळून एकच ल्यूर होतं. फोटो, फ्रेम, ट्रॉफी काही नाही. मासा घरी नेला आणि घरच्यांनी खाल्ला. अप्पांना हा माणूस फार आवडला.

कारण आमचं खरं भांडण तिथेच होतं. इथले हौशी लोक बास धरतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. अप्पांच्या मते हा अन्नाचा अपमान. "खायचं नाही तर त्याला त्रास कशाला द्यायचा?" मी नियम सांगितले. सर्वसाधारणपणे 14 इंचांखालचा ठेवता येत नाही, दिवसाला पाचच. काही तळ्यांचे नियम वेगळे, लेक फोर्कला तर 16 ते 24 इंचांमधला सोडावाच लागतो. मोठ्या माद्या वाचाव्यात म्हणून. अप्पा म्हणाले, "बरं." पण हा 'बरं' जुना नव्हता.

दुसरा शनिवार, मार्चअखेर. आदल्या रात्री पाऊस झालेला. अप्पा गाडीतून उतरले आणि खुर्ची न उघडता काठाने चालायला लागले. मी मागे, हातात एकच रॉड आणि खिशात दोन पाकिटं. वीसेक मिनिटांनी एका छोट्या फाट्याच्या टोकाशी थांबले. तिथे पावसाचा ओहोळ तळ्यात येत होता, गढूळ पाणी आणि नितळ पाणी यांच्यामध्ये रेघ दिसत होती. बाजूला अर्धं बुडालेलं झाड. "ही बघा उघाडी," अप्पा म्हणाले. (नेमकी जागा विचारू नका. अप्पांनी बजावलंय.)

काळं-निळं गांडूळ रेघेच्या गढूळ बाजूला टाकलं. पहिला आला 13 इंचांचा. पट्टी लावली, सोडला. अप्पांनी तोंड वाकडं केलं. मग रॉड त्यांच्या हातात दिला. तिसऱ्या फेकीला दोर नुसता एका बाजूला सरकू लागला. "ओढा!" मी ओरडलो, पण त्यांनी आधीच ओढला होता. मासा झाडाकडे धावला, एकदा पूर्ण हवेत उडाला आणि अखेर काठाला आला. 20 इंच. पाच पौंडांना जरा कमी.

मी म्हटलं, "अप्पा, हा ठेवता येतो. नियमात बसतो." मनात काय होतं ते सांगत नाही. घरी बायकोने आलं-लसूण वाटून ठेवलं होतं.

अप्पांनी ओल्या हाताने माशाचं पोट चाचपलं. "गाभोळी आहे." थोडा वेळ तसेच उकिडवे बसून राहिले. "हिला गाभोळी फार. रव्यात घोळवून तळायची, वर लिंबू. मला मात्र लहानातला लहान तुकडा. मी भांडायचो." हसले. मग म्हणाले, "आता करणार कोण तशी," आणि मासा पाण्यात धरला. दोन-चार वेळा कल्ले हलले आणि तो गेला.

तेवढ्यात बायकोचा फोन. "मिळाला का? मसाला लावायला घेऊ?"

मी अप्पांकडे बघितलं. ते दोरातला गुंता सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, "सांगा, लहान होता."