समजलं म्हणजे काय झालं?

फेब्रुवारी 2023 मध्ये मी पुतण्याला भेटायला सदाशिव पेठेत गेलो होतो. राज्यसेवा मुख्य परीक्षा बहुपर्यायी न राहता वर्णनात्मक होणार म्हणून चौकात पोरं बसली होती. मागणी एकच, नवी पद्धत 2025 पासून लावा. ती वाजवीच होती. चार चार वर्षं एका तऱ्हेनं अभ्यास केलेल्या पोराला मधेच रस्ता बदलायला सांगू नये. आयोगानं पुढं ती मान्यही केली. पण मला टोचलं ते वेगळंच.

पुतण्याच्या कॉटवर कृषीचं पुस्तक पडलेलं. म्हणलं, वाफसा म्हणजे काय रे? एका दमात बोलला, "पाणी दिल्यावर मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निचरून तिथं हवा शिरते आणि बारीक पोकळ्यांत पाणी राहतं, ती अवस्था."

"बरं. आपल्या चिंचेखालच्या काळ्या रानात पाऊस होऊन चार दिवस झाले. पेरू का थांबू?"

पोरगं गप्प. मग म्हणालं, "नाना, असा प्रश्न येत नाही."

माझं भांडण ह्या वाक्याशी आहे, पोराशी नाही. क्लासवाले लाखाचा हिशेब करून हेच शिकवतात. आद्याक्षरं जोडून शब्द बनवा, चारातले दोन पर्याय खोडा, पुढं चला. व्याख्या पाठ म्हणजे विषय समजला! अहो, पोपटालाही विठू विठू येतं.

पण उलटंही बोललं पाहिजे. शेतकऱ्याला सगळं अनुभवानं कळतं, असं शहरातले लोक भाषणात म्हणतात. तेही खोटं. मी मूठभर माती दाबून गोळा करतो, कमरेएवढ्या उंचीवरनं टाकतो. फुटला तर वाफसा, चेपला तर थांबायचं. हे वडलांनी दाखवलं. पण मेव्हण्याच्या मुरमाड रानात दोन दिवसांत वाफसा येतो अन् माझ्यात पाच दिवस का लागतात, हे मला तीस वर्षं सांगता आलं नव्हतं. ‘काळी माती हाय’, एवढंच म्हणायचो. ते काय उत्तर झालं? एका वर्षी घाई करून ओल्यात ट्रॅक्टर घातला. ढेकळं निघाली, खाली रान दगडासारखं आवळलं, निम्मं सोयाबीन उगवलंच नाही.

पोराच्या त्या एका वाक्यात माझं उत्तर होतं. काळ्या मातीत बारीक पोकळ्या जास्त, पाणी धरून बसतात, हवेला जागा उशिरा होते. मुरमात मोठ्या पोकळ्या, पाणी झटकन खाली. म्हणजे का ते त्याच्याजवळ, कधी ते माझ्याजवळ. अन् दोघंही म्हणत होतो, मला समजलंय.

कॉटचं भाडं, मेस, अभ्यासिका, क्लास, सगळं उसाच्या बिलातनं गेलं. त्याचं वय अठ्ठावीस. उद्या तो साहेब झाला अन् ओल्या रानाचा पंचनामा करायला आला, तर तिथं चार पर्याय कोण देणार आहे त्याला?

जूनात घरी आला, तेव्हा न सांगता बांधावर बसून माती दाबत होता. "नाना, हा चेपला," म्हणाला.

"मग?"

"अजून दोन दिवस."

मी दोन दिवस थांबलो.