विषाणूची काटछाट

रोगाविषयी बोलू लागलो की आपली भाषा हटकून रणांगणावर जाते. सुसान सॉन्टॅग यांनी १९७८ आणि १९८९ मध्ये या रूपकांना हरकत घेतली, ती रुग्णाच्या बाजूने. कारण किल्ला पडला की फितूर शोधला जातो. मला वाटते, हे रूपक वस्तुस्थितीलाही धरून नाही.

एचआयव्हीचे ‘नेफ’ हे प्रथिन घ्या. पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे एचएलए रेणूंवर ठेवून पृष्ठभागावर मांडते. मारक टी-पेशी ते वाचतात. नेफ एचएलए-ए आणि एचएलए-बी पृष्ठभागावरून हटवते, एचएलए-सीला मात्र हात लावत नाही. पृष्ठभाग अगदीच कोरा दिसला, तर ‘नॅचरल किलर’ पेशींचा संशय बळावतो. १९७५ च्या आणीबाणीत काही वृत्तपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. ती कोरी जागाच बोलली. नेफ तेवढीही बोलू देत नाही. (विषाणूला हेतू नसतो, तो आपण वाचतो, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.)

याला हल्ला कसे म्हणावे? ज्या सीडी४ ग्राहीला धरून विषाणू आत आला, तोही नेफ मागाहून काढून घेते. तो तिथे राहिला, तर विषाणूचे बाह्य प्रथिन त्याला चिकटून आपले झाकलेले भाग उघडे करते, आणि प्रतिपिंडांना नेमके तेच दिसतात.