पडद्यावरचा आपला माणूस



एप्रिल महिना तोंडावर आला की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव नि औंढा या पाचही तालुक्यांतल्या वस्त्यांत जयंतीच्या वर्गणीच्या पावत्या फाटू लागतात. मंडप ठरतो, भोजनदान ठरते, भीमगीतांचा कार्यक्रम ठरतो. मग कुणीतरी म्हणतो, "एक दिवस पडदा लावून सिनेमा दाखवू या." आणि तिथूनच वाद सुरू होतो. तरुणांना एक सिनेमा हवा असतो, म्हाताऱ्यांना दुसरा. माय-भगिनी म्हणतात, "लेकरांसोबत बसून बघता येईल असाच आणा बाप्पा!" म्हणून या खेपेला आम्ही आमच्या पाहण्यातल्या काही चित्रपटांविषयी नि मालिकांविषयी मनातले बोलणार आहोत. आम्ही समीक्षक नव्हेत, साधे प्रेक्षक आहोत. पटेल ते घ्यावे, न पटेल ते सोडून द्यावे.

१ मे १९९९ रोजी आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला. त्याच्याही आधी जयंतीला भाड्याने कलर टीव्ही नि व्हीसीआर आणून रात्रभर तीन-तीन कॅसेटी बघणाऱ्या पिढीतले आम्ही. अंगणात गोधड्या अंथरून बसलेल्या त्या गर्दीला एक गोष्ट कधीच दिसत नसे. पडद्यावर मारामारी करणारा, गाणी म्हणणारा, जिंकणारा नायक आपल्या वस्तीतला नसे. आपल्यासारखा माणूस दिसलाच तर हात जोडलेला नि मान खाली घातलेला. तेव्हापासून कोणताही सिनेमा बघताना आम्ही एक प्रश्न विचारतो. यातला आपला माणूस स्वतः काही करतो, की त्याच्यासाठी सगळे दुसरेच करतात?

या प्रश्नाने जुने चित्रपट तपासा, म्हणजे गंमत कळते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. सारा समाज ताठ उभा राहिला. दुसऱ्याच वर्षी, १९३६ साली, 'अछूत कन्या' हा गाजलेला हिंदी चित्रपट आला. अशोककुमार नि देविका राणी त्यात होते. रेल्वे फाटकावरच्या गरीब गेटमनची ती मुलगी शेवटी रुळावर प्राण देते. प्रेक्षकांनी डोळे पुसले नि घरी गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर तीन वर्षांनी, १९५९ साली, बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. नूतनने त्यात फार सुंदर काम केले आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण कथा काय? वाढवणाऱ्या आईला रक्त हवे असते, ते सुजाताचे जुळते, आणि मग घराला कळते की ही आपलीच लेक! आम्ही विचारतो, रक्त जुळले नसते तर ती माणूस नव्हती काय? आपले माणूसपण सिद्ध करायला आधी रक्ताची बाटली का भरून द्यावी? वस्ती कितीतरी पुढे निघून गेली होती, पडदा मागेच रेंगाळत होता.

१९७४ साली श्याम बेनेगल यांचा 'अंकुर' आला. दलित पँथर स्थापन होऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. जमीनदाराचा मुलगा गरीब मुक्या नवऱ्याला चाबकाने झोडपतो, नि शेवटी एक लहानगा पोरगा त्याच्या खिडकीवर दगड मारून पळतो. पडद्यावरचा तो पहिला दगड आम्हाला फार मोलाचा वाटतो.

दुसरा दगड यायला चाळीस वर्षे लागली. २०१४ च्या फेब्रुवारीत नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' चित्रपटगृहांत लागला. कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. जब्याचे घर डुकरे धरण्याच्या कामाला जुंपलेले. डुक्कर हाताशी येते नि तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. अख्खे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते नि डुक्कर पळून जाते. पुढे ते मेलेले डुक्कर खांद्यावर घेऊन शाळेच्या भिंतीजवळून जातात, आणि भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई यांची चित्रे. एक शब्द न बोलता दिग्दर्शकाने आपल्या सर्वांना विचारले आहे की, चित्रे भिंतीवर लावलीत, पण खांद्यावरचे ओझे उतरले का? शेवटी जब्याचा दगड सरळ प्रेक्षकाच्या दिशेने येतो. जब्या बौद्ध नाही, भटक्या समाजाचा आहे. म्हणून तो परका मानायचा काय? आमच्या मते हा चित्रपट प्रत्येक वस्तीत दाखवावा, नि शेजारच्या कैकाडी, वडार, पारधी बांधवांना मुद्दाम बोलावून दाखवावा.

त्याच दिग्दर्शकाचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी आला नि गावोगाव धुमाकूळ घातला. आर्चीची बुलेट सगळ्यांना आठवते, 'झिंगाट' तर आजही वरातीत वाजते. पण शेवटी आवाज बंद होतो नि रक्तात भरलेली लहान पावले दारातून बाहेर जातात, ते कुणी आठवत नाही. ज्या पोरांनी त्या गाण्यावर घाम गाळून नाच केला त्यांना आमची विनंती आहे, एकदा शेवटची दहा मिनिटे पुन्हा बघा. 'झुंड' (२०२२) मध्ये नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरे फुटबॉल खेळतात. विजय बारसे यांच्या कामावर तो बेतलेला आहे. उत्तरार्ध आम्हाला लांबलेला वाटला. पण जयंतीची गर्दी नि बाबासाहेबांचे भव्य चित्र एवढ्या मोठ्या हिंदी चित्रपटात पाहून ऊर भरून आला, हे लपवण्यात काय अर्थ!

आता मालिकांकडे वळू. बुद्धपौर्णिमेला, १८ मे २०१९ रोजी, स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' सुरू झाली. सागर देशमुख यांनी बाबासाहेब साकारले. दिवसभर हळदीच्या कामावर राबून आलेल्या आयाबाया जेवणे आवरून टीव्हीसमोर बसत. सासू-सुनेच्या भांडणांच्या जागी घराघरांत रमाईचे कष्ट दिसू लागले, हे त्या मालिकेचे मोठे पुण्यकर्म. शिवानी रांगोळे यांची रमाई आम्हाला विशेष भावली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अँड टीव्हीवर 'एक महानायक – डॉ. बी. आर. आंबेडकर' ही हिंदी मालिका आली. बालकलाकार गोड होता, पण बालपण फारच ताणले. दर आठवड्याला नवा दुष्ट माणूस, नवे कारस्थान, नि भीमरावांची नवी युक्ती! मुलांना वाटू लागते की बाबासाहेब जन्मतःच चमत्कारी होते. अहो, त्यांनी स्वतः लिहून ठेवलेला १९०१ चा प्रसंग बघा. वडिलांना भेटायला निघालेली लेकरे मसूर स्टेशनावर उतरतात. जात कळताच गाडीवाले न्यायला तयार होत नाहीत. दुप्पट भाडे देऊन गाडी स्वतःच हाकावी लागते, नि वाटेत प्यायला पाणी मिळत नाही. या खऱ्या प्रसंगाला आणखी मीठमसाला कशाला हवा? चमत्काराने मोठा झालेला माणूस लेकरांच्या काय कामाचा? अभ्यासाने मोठा झालेला माणूस कामाचा.

म्हणूनच जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' आम्ही अजून सर्वांच्या वर ठेवतो. मल्याळी नट मामूटी यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यातले बाबासाहेब वाचतात, थकतात, चिडतात, एकटे पडतात नि पुन्हा कामाला लागतात. सोनाली कुलकर्णी यांची रमाई थोडेच बोलते पण मनात राहते. चित्रपट तीन तासांचा आहे, लहान मुले झोपी जातील. जाऊ द्या झोपी, पुढच्या वर्षी थोडी जास्त वेळ जागी राहतील!

थोडे महात्मा फुले यांच्याविषयी. आचार्य अत्रे यांच्या 'महात्मा फुले' चित्रपटाच्या मुहूर्ताला बाबासाहेब स्वतः हजर होते. १९५४ च्या त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. आणि २०२५ साली आलेला हिंदी 'फुले' ११ एप्रिलला, जोतिबांच्या जयंतीदिनी, लागणार होता. तो आक्षेपांमुळे २५ एप्रिलपर्यंत लांबला. सेन्सॉर मंडळाने जातींची नावे असलेल्या संवादांत बदल करायला लावले. सत्तर वर्षांत आपण पुढे आलो की मागे गेलो, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

२ नोव्हेंबर २०२१ रोजी मोबाईलवर आलेला तमिळ 'जय भीम' आमच्या घरात दोनदा पाहिला गेला. त्यातली कथा १९९३ च्या खऱ्या खटल्यावर बेतली आहे. पोलिसांच्या मारहाणीत नवरा गेलेली गरोदर सेंगेनी वकील चंद्रू यांच्या मदतीने मद्रास उच्च न्यायालयात लढते. कुणी म्हणेल, इथेही वाचवणारा वकीलच! पण पैसे घेऊन गप्प बस, असे सांगितल्यावर नकार देते ती सेंगेनी. लढणे तिचे आहे, वकील तिच्या बाजूला उभा आहे.

दुसऱ्यांदा आम्ही हा चित्रपट पाहिला तो परभणीच्या घटनेनंतर. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. नंतरच्या आंदोलनात अटक झालेला सोमनाथ सूर्यवंशी हा वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याच्या आईने न्यायालयाचे दार ठोठावले. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला नि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. तमिळनाडूतली सेंगेनी आम्हाला तेव्हा अगदी शेजारच्या गल्लीतली वाटली. मारहाणीची दृश्ये फार कठोर आहेत, लहान लेकरांना दाखवू नयेत. मोठ्यांनी मात्र चुकवू नये.

ऑगस्ट २०२३ मध्ये 'मेड इन हेवन' या हिंदी मालिकेच्या दुसऱ्या पर्वात नीरज घेवान यांनी केलेला पाचवा भाग पाहिला. राधिका आपटे यांनी रंगवलेली शिकलेली मुलगी सासरच्या मंडळींना ठामपणे सांगते की, माझे लग्न बौद्ध पद्धतीनेही होईल. बाकीची मालिका कुटुंबासह बघण्यासारखी नाही, तो एक भाग तेवढा बघावा. आपल्या लग्नाचा साधेपणा पडद्यावर किती शोभून दिसला! आणि आपण? अकराचे लग्न दुपारी तीनला, वरातीत कानठळ्या बसवणारा डीजे, नि हुंड्याची बोलणी मागच्या खोलीत. पडद्यावरच्या मुलीला टाळ्या वाजवल्या, तर घरातल्या मुलीचेही ऐकले पाहिजे.

याच दिग्दर्शकाचा 'होमबाउंड' सप्टेंबर २०२५ मध्ये आला. पोलीस भरतीचे स्वप्न बघणारे दोन मित्र, एक दलित, एक मुसलमान. चंदन नावाचा पोरगा आडनाव सांगायला कचरतो. टाळेबंदीत गावाकडे निघालेला चंदन वाटेतच दगावतो. आपल्याकडे पहाटे मैदानावर भरतीसाठी धावणारी पोरे आहेत, पुण्यात खोली शोधताना आडनाव गिळणारी पोरे आहेत. त्यांनी हा चित्रपट बघावा. 'अछूत कन्या'तही मरण आहे नि इथेही. पण तिथे प्रेक्षक दया करून मोकळा होतो, इथे लाज कुणाला वाटायला हवी ते स्पष्ट कळते.

तर मंडळांना आमचे सांगणे असे. पहिल्या रात्री जब्बार पटेल यांचा चित्रपट लावा, दुसऱ्या रात्री 'फँड्री'. राज्यसभा टीव्हीवर २०१४ साली आलेली श्याम बेनेगल यांची 'संविधान' ही मालिका दहा भागांची आहे, सचिन खेडेकर त्यात बाबासाहेब झाले आहेत. दहा रविवार विहारात एकेक भाग दाखवा. खेळ संपला की लगेच खुर्च्या उचलू नका. अर्धा तास बोला, नि आधी मुलींना बोलू द्या. 'जय भीम'च्या शेवटी सेंगेनीची लहान लेक वकिलासारखी पायावर पाय टाकून खुर्चीत बसते नि वर्तमानपत्र उघडते. आपल्या प्रत्येक घरात अशी एक लेक आहे.

आणखी एक मागणे. १९७८ ची जाळपोळ, १९७९ चा लाँग मार्च, १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार, या सोळा वर्षांच्या लढ्यावर मनासारखा चित्रपट आमच्या अजून पाहण्यात आलेला नाही. ज्यांची घरे जळाली, जे मोर्चात चालले, ते आजी-आजोबा आता थकले आहेत. तुमच्या हातात मोबाईल आहे. जयंतीच्या आधी एक संध्याकाळ त्यांच्याजवळ बसा, त्यांचे बोलणे टिपून ठेवा. उद्या आपल्यातलाच कुणी कॅमेरा हाती घेईल, तेव्हा त्याला ते लागणार आहे.

जयभीम!