पेट्रोलवरचा कर आणि हिशेबाची वही

भारतीय राजकारणात इंधन दरवाढीच्या निषेधाचे एक जुने साधन आहे, ते म्हणजे बैलगाडी. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब राष्ट्रांनी तेलाचे अस्त्र उपसले आणि इंदिरा गांधींच्या सरकारने पेट्रोलचे दर भरमसाट वाढवले. त्या वर्षी १२ नोव्हेंबरला अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले. पुढे ३१ मे २०१२ रोजी पेट्रोलच्या साडेसात रुपयांच्या दरवाढीविरुद्ध राष्ट्रीय लोकशाही आघाडीने भारत बंद पुकारला. १० सप्टेंबर २०१८ रोजी त्याच प्रश्नावर बंद पुकारण्याची पाळी काँग्रेसची होती. २०२१ च्या जुलैमध्ये मुंबईत काँग्रेसची बैलगाडी कार्यकर्त्यांच्या भाराने मोडून पडली. गाडी तीच राहिली, तिच्यावर बसणारे तेवढे बदलत गेले.

इतक्या आंदोलनांनंतरही प्रश्न जेथल्या तेथे का राहतो? कारण प्रत्येक विरोधी पक्ष दराविषयी बोलतो आणि प्रत्येक सरकार जागतिक बाजारपेठेकडे बोट दाखवते. या दोहोंच्या मध्ये जो खरा विषय आहे, तो अनुच्चारितच राहतो. पंपावर उभा असलेला नागरिक जे पैसे मोजतो, त्यातील मोठा हिस्सा कराचा असतो. हा कर किती, कोणाचा, कोणत्या नावाने घेतलेला आणि कोठे खर्च झालेला, हे त्याला कोणी सांगत नाही. या देशातील सामान्य माणूस कर द्यायला नाही म्हणत नाही. त्याचा क्षोभ आहे तो न मिळणाऱ्या हिशेबाविषयी.

एका लिटराची उकल

२०१३-१४ मध्ये भारत विकत घेत असलेल्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव पिंपामागे सुमारे १०५ डॉलर होता. दोन वर्षांत तो ४६ डॉलरच्या आसपास उतरला. याच काळात, नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या दरम्यान, केंद्राने उत्पादन शुल्कात नऊ वेळा वाढ केली. पेट्रोलवर लिटरमागे पावणेबारा, तर डिझेलवर साडेतेरा रुपयांच्या घरात कर वाढला. त्यामागे काही तर्क होता, हे मान्य केले पाहिजे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले, अनुदानाचे ओझे उतरले, वित्तीय तूट आटोक्यात आली. स्वस्त तेलाचा लाभ सरकारने काही अंशी स्वतःकडे ठेवला, तर त्यात गैर काही नाही. परंतु अशा निर्णयात एक अलिखित वचन असते. तेल महागेल तेव्हा कर खाली येईल, हे ते वचन होय.

त्या वचनाची कसोटी २०२० मध्ये लागली. महामारीमुळे जग ठप्प झाले, तेलाचे भाव कोसळले आणि मे २०२० मध्ये एका रात्रीत पेट्रोलवरील शुल्क १० रुपयांनी, तर डिझेलवरील १३ रुपयांनी वाढले. केंद्राचा कर पेट्रोलवर ३२.९८ रुपये आणि डिझेलवर ३१.८३ रुपये झाला. त्या दिवशी पंपावरचा दर हलला नाही, म्हणून कोणाला कळले नाही. पुढे तेलाचे भाव चढले, कर मात्र वरच राहिला. २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. त्या नोव्हेंबरमध्ये आणि पुढे मे २०२२ मध्ये केंद्राने कर उतरवला खरा; पण तोवर लोकांच्या मनात जे बसायचे ते बसले होते. पेट्रोलियम पदार्थांवरील उत्पादन शुल्कातून केंद्राला २०१४-१५ मध्ये सुमारे ९९ हजार कोटी रुपये मिळाले होते. २०२०-२१ मध्ये ही रक्कम सुमारे ३ लाख ७३ हजार कोटींवर गेली.

राज्ये या प्रकरणात नामानिराळी नाहीत. त्याच वर्षी राज्यांनी मिळून विक्रीकरातून दोन लाख कोटींहून अधिक मिळवले. राज्याचा मूल्यवर्धित कर हा केंद्राचे शुल्क मिळवल्यानंतरच्या किमतीवर लागतो. म्हणजे तो करावरचाही कर असतो. परभणीचेच उदाहरण घ्यावे. तेथील इंधन दूरच्या मनमाडच्या डेपोतून येते. वाहतुकीचा खर्च किमतीत चढतो, आणि राज्यात सर्वांत महाग पेट्रोल घेणाऱ्या शहरांत परभणीचे नाव वर्षानुवर्षे येत राहते. ज्या मराठवाड्यात पाऊस कमी, उद्योग कमी, रेल्वे कमी, तेथेच पेट्रोल अधिक महाग, हा या करव्यवस्थेचा न्याय आहे.

नावात दडलेले

खरी मेख कराच्या नावात आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर पेट्रोलवर केंद्राचे जे ३२.९० रुपये होते, त्यांची फोड पाहण्याजोगी आहे. मूळ उत्पादन शुल्क अवघे १ रुपया ४० पैसे. उरलेल्यात विशेष अतिरिक्त शुल्क ११ रुपये, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर १८ रुपये, कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर अडीच रुपये. राज्यघटनेनुसार उपकर आणि अधिभार यांत राज्यांचा वाटा नसतो. वाटणी होते ती केवळ मूळ शुल्काची. पंधराव्या वित्त आयोगाने ठरवलेला ४१ टक्के वाटा त्या १ रुपया ४० पैशांतून काढला, तर लिटरमागे सर्व राज्यांना मिळून ५७ पैसे येतात. संघराज्याच्या गोष्टी करणाऱ्या देशात एवढी मोठी रक्कम वाटणीच्या ताटाबाहेर ठेवली जाते आणि मग राज्येही आपली भूक त्याच लिटरावर भागवतात.

उपकर म्हणजे विशिष्ट कार्यासाठी घेतलेला पैसा. रस्त्यासाठी घेतला तर रस्त्यावर, शेतीसाठी घेतला तर शेतीवर तो लागला पाहिजे. प्रत्यक्षात काय घडते, हे महालेखापरीक्षकांनी २०१८-१९ च्या हिशेबतपासणीत नोंदवले आहे. त्या वर्षी विविध उपकरांतून सुमारे २ लाख ७४ हजार कोटी रुपये जमा झाले. त्यांपैकी संबंधित निधींमध्ये पोहोचले ते सुमारे १ लाख ६४ हजार कोटी. उरलेली रक्कम संचित निधीत राहिली. देशी कच्च्या तेलावरील उपकरातून दशकभरात जमा झालेले सुमारे १ लाख २४ हजार कोटी रुपये तर तेल उद्योग विकास मंडळाकडे वर्गच झाले नव्हते. हा पैसा कोणी खिशात घातला, असा याचा अर्थ नाही. तो सरकारच्या सर्वसाधारण खर्चात मिसळला. परंतु देवळाच्या जीर्णोद्धारासाठी गोळा केलेली वर्गणी गावाच्या इतर खर्चात मिसळली, तर पुढच्या वेळी वर्गणी मागायला जाणाऱ्याकडे गाव कोणत्या नजरेने पाहील?

महाराष्ट्राचा अनुभव वेगळा नाही. २०१५ च्या भीषण दुष्काळात राज्य सरकारने पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार लावला. मराठवाड्याची होरपळ डोळ्यांसमोर असल्याने कोणी कुरकुर केली नाही. २०१६ मध्ये पाऊस चांगला झाला, अधिभार मात्र हटला नाही. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गांलगतची मद्यविक्री बंद झाली, तेव्हा बुडालेला महसूल भरून काढण्यासाठी पेट्रोलवर आणखी तीन रुपये चढले. दुष्काळग्रस्ताच्या नावाने उघडलेली खिडकी शेवटी दारूच्या उत्पन्नाची भरपाई करू लागली! पुढे जून २०२० मध्ये टाळेबंदीच्या तुटीसाठी पुन्हा दोन रुपयांची भर पडली. सरकारे बदलली, पण सुरू झालेला अधिभार आपणहून मागे घेण्याची आठवण कोणालाच झाली नाही.

दोन सबबी

या साऱ्यावर दोन उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले तेलरोख्यांचे. संयुक्त पुरोगामी आघाडीच्या काळात तेल कंपन्यांना अनुदानाऐवजी सुमारे १ लाख ४० हजार कोटींचे रोखे देण्यात आले. आजची स्वस्ताई उद्याच्या पिढीच्या खांद्यावर टाकण्याचा तो प्रकार होता आणि त्यावरची टीका योग्यच आहे. पण त्या रोख्यांचे वार्षिक व्याज दहा हजार कोटींच्या आसपास होते, आणि २०२०-२१ मध्ये गोळा झालेला कर त्याच्या सदतीस पट होता. उंदराच्या बिळाकडे बोट दाखवून डोंगराचा हिशेब चुकता होत नाही.

दुसरे उत्तर लोककल्याणाचे. महामारीत ८० कोटी लोकांना मोफत धान्य मिळाले, लसीकरण झाले, महामार्ग बांधले गेले. हे सारे खरे आहे आणि त्याला पैसा लागतो, हेही खरे आहे. प्रश्न तो कोणाकडून घ्यावा, हा आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणताना सरकारने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडले. गुंतवणूक वाढावी, हा त्यामागचा हेतू. परंतु पाठोपाठ इंधनकर चढला, तेव्हा दुचाकीवरून कामाला जाणारा कारागीर आणि आलिशान मोटारीचा मालक लिटरमागे सारखाच कर देऊ लागले. डिझेलवरचा कर तर ट्रकमधून भाजीत, भाजीतून ताटात उतरतो. ज्याच्याकडे वाहनच नाही, तोही तो भरतो.

फ्रान्सची पिवळी जाकिटे

लोक हे किती काळ सोसतात, याचे उत्तर फ्रान्सने २०१८ मध्ये दिले. तेथे सरकारने पर्यावरणाच्या नावाने इंधनकर वाढवत नेला. जानेवारी २०१९ पासून डिझेलवर आणखी साडेसहा सेंट वाढायचे होते. त्याच वर्षी श्रीमंतांवरील संपत्तीकर रद्द होऊन केवळ स्थावर मालमत्तेपुरता उरला होता. पर्यावरणाच्या नावाने घेतलेल्या पैशाचा मोठा भाग सर्वसाधारण तिजोरीत जातो, हेही लोकांना कळून चुकले होते. पॅरिसमध्ये राहणाऱ्याला भुयारी रेल्वे होती. गावाकडच्या माणसाला कामावर जायला मोटारीवाचून गत्यंतर नव्हते. १७ नोव्हेंबर २०१८ रोजी, गाडीत सक्तीने ठेवावी लागणारी पिवळी जाकिटे अंगावर चढवून, सरकारी मोजणीनुसारही पावणेतीन लाखांहून अधिक लोक रस्त्यावर उतरले. त्यांच्यामागे ना पक्ष होता, ना संघटना. डिसेंबरच्या आरंभी सरकारला करवाढ मागे घ्यावी लागली. जाळपोळीचे समर्थन कोणी करू नये. पण त्यातून निघालेला निष्कर्ष गंभीर आहे. पर्यावरणासारखे सत्कार्यही, त्याच्या नावाने घेतलेल्या पैशाचा हिशेब न दिल्यामुळे, बदनाम झाले. तेथील कार्बनकराचा दर त्यानंतर वर्षानुवर्षे गोठलेलाच राहिला.

आपल्याच घरातील धडा

याउलट उदाहरण शोधायला परदेशी जाण्याचे कारण नाही. १९९८ मध्ये पेट्रोलवर आणि पाठोपाठ डिझेलवर लिटरमागे एक रुपया उपकर लागला. २००० मध्ये केंद्रीय रस्ते निधीचा कायदा झाला. डिझेलच्या उपकरातला निम्मा वाटा ग्रामीण रस्त्यांसाठी कायद्यानेच बांधून दिला गेला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सुवर्ण चतुष्कोनाची कामे देशभर दिसू लागली. त्या एका रुपयाविरुद्ध कोणी बंद पुकारल्याचे स्मरत नाही. गावाच्या वेशीपर्यंत आलेली डांबरी सडक हीच त्या रुपयाची पावती होती. पुढे तोच उपकर १८ रुपयांपर्यंत वाढला आणि पावती मात्र पुसट होत गेली.

महाभारताच्या शांतिपर्वात राजाने कर कसा घ्यावा, हे सांगताना भुंग्याचा दाखला येतो. झाडाला इजा न करता भुंगा मध घेतो. या दाखल्याचा दुसरा अर्धा भाग निसर्गच सांगतो. भुंगा मध नेताना परागही वाहतो, म्हणून झाड फळते. घेतलेले परत दिसले पाहिजे, हा करनीतीचा गाभा आहे.

म्हणून मागणी ‘दर कमी करा’ एवढ्यावर थांबू नये. पंपावरच्या प्रत्येक पावतीवर मूळ किंमत, केंद्राचा कर, राज्याचा कर आणि विक्रेत्याचे कमिशन वेगवेगळे छापले जावे. वाण्याच्या दुकानातील बिलावर वस्तू व सेवा कराची फोड दिसू शकते, तर पेट्रोलच्या पावतीवर का नाही? प्रत्येक उपकराला मुदत असावी आणि ती संपली की तो आपोआप गळून पडावा. मुदतवाढ हवी असेल, तर आधीच्या पैशाचा हिशेब संसदेत आणि विधिमंडळात मांडूनच ती मागावी. इंधनाला वस्तू व सेवा कराच्या कक्षेत आणण्याचा विषय १७ सप्टेंबर २०२१ रोजी लखनौच्या बैठकीत परिषदेने बाजूला सारला. वेळ आलेली नाही, असे तेव्हा केंद्र आणि सर्वपक्षीय राज्ये एकमुखाने म्हणाली. ज्या प्रश्नावर रस्त्यावर सारे भांडतात, त्यावर बंद दाराआड सारे एक होतात, हे मतदाराने ध्यानात ठेवावे.

आंदोलने होतील, बंद पुकारले जातील, निवडणूक जवळ आली की दोन-चार रुपये उतरतील आणि निवडणूक सरली की चढतील. या खेळात नागरिक प्रेक्षक राहिला, तर दोष केवळ राज्यकर्त्यांचा राहत नाही. आपल्या आमदाराला आणि खासदाराला त्याने एकच प्रश्न विचारावा : दुष्काळाच्या नावाने घेतलेले माझे दोन रुपये कोणत्या गावच्या कोणत्या तळ्यात पोहोचले? उत्तर देता येत नसेल, तर त्या नावाने पुन्हा पैसे मागण्याचा अधिकारही उरत नाही.